निरंक, तुरळक आणि अंडरस्कोर

पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो, असं शाळेत शिकवतात. नोंदवहीत तो शब्दांत पडतो. आमच्याकडे जुन्या पर्जन्यनोंदींचे जे गठ्ठे संगणकावर चढवायला येतात, त्यांतल्या एका रकान्यात फक्त आकडा लिहायचा असतो. रकान्याच्या डोक्यावर तसं छापलेलंही असतं. खाली बघावं तर '१२.४', मग '१२.४ मिमी', मग 'निरंक', मग नुसती आडवी रेघ, मग 'तुरळक', मग 'कालइतकाच', आणि एके ठिकाणी 'पाऊस चालू आहे'. ही शेवटची नोंद करणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजायचं असा नियम आहे. पण समोर पाऊस चालू असताना त्याचा हिशेब मांडायचा म्हणजे घाईच झाली, असं त्याचं प्रामाणिक मत पडलं असणार.

मधल्या काळात संगणकीकरणाची एक लाट येऊन गेली. त्या लाटेत कुणीतरी कोऱ्या जागांवर उणे ९९९ भरून ठेवले. उणे ९९९ म्हणजे 'नोंद नाही', ही हवामानाच्या आकडेवारीतली जुनी खूण. माणसाला ती कळते. संगणकाला तो सरळसरळ आकडा वाटतो. एकतीस दिवसांच्या महिन्यात एक उणे ९९९ शिरला आणि बाकीचे तीस दिवस कोरडे गेले, तर रोजची सरासरी उणे ३२ मिलिमीटर निघते. म्हणजे त्या गावात महिनाभर रोज इंचाहून जास्त पाणी जमिनीतून वर आभाळात गेलं. असा एक आलेख एका प्रबंधात जायला निघाला होता. त्याखाली 'हवामान बदलाचे परिणाम' असं लिहायची तयारीही झाली होती.

हे निस्तरायला आमच्या खोलीत ज्युलिया वापरतात. ज्युलिया ही विज्ञानातल्या आकडेमोडीसाठी केलेली प्रोग्रामिंगची भाषा. जेफ बेझानसन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा आणि ॲलन एडेलमन या चौघांनी १४ फेब्रुवारी २०१२ रोजी ती जाहीर केली आणि त्याच वेळी आपण हावरट आहोत हेही कबूल करून टाकलं. त्यांना सीचा वेग हवा होता, रूबीचा लवचिकपणा हवा होता, लिस्पचे मॅक्रो, मॅटलॅबसारखी वहीत लिहितो तशी सूत्रं, पायथनसारखी कुठेही चालण्याची हातोटी आणि आरसारखं संख्याशास्त्र हवं होतं. शिवाय पर्लइतक्या सहजतेनं अक्षरांशी खेळताही यायला हवं होतं. यातलं बरंचसं मिळालं, हे मान्य करायला हवं. तीस वर्षांच्या पावसाचे मॅट्रिक्स आमची मुलं असे गुणतात की चहाचा कप उचलेपर्यंत उत्तर पडद्यावर. गाडी अडते ती 'निरंक'पाशी.

याचं कारण असं, की ज्युलियात पॅटर्न मॅचिंगची घरची सोय नाही. पॅटर्न मॅचिंग म्हणजे काय, ते आमच्या रकान्यावरूनच सांगतो. समोर आलेली नोंद एकेका साच्याला लावून बघायची. 'निरंक' असेल तर शून्य धर. उणे ९९९ असेल तर 'माहीत नाही' म्हण. शून्याहून मोठा आकडा असेल तर तोच घे. आकडा आणि एकक अशी जोडी आली तर जोडी फोड, आकडा बाजूला काढ, आणि एकक इंच असेल तर २५.४ने गुण. यातलं काहीच नसेल तर अंडरस्कोर. अंडरस्कोर म्हणजे 'जो कोणी असेल तो'. हे सगळं 'इफ' आणि 'एल्सइफ' लिहूनही होतं. आमच्या मॅडम गेली कित्येक वर्षं तसंच करतात. त्यांच्या प्रोग्राममध्ये वीस एल्सइफ एकाखाली एक आहेत आणि तो चालतो. तरुण मंडळींना तो बघवत नाही. चालतो ही गोष्ट त्यांच्या दृष्टीनं गौण आहे.

ही सोय नवी नाही. बेल लॅब्जमध्ये १९६२ साली स्नोबोल नावाची भाषा झाली, ती अक्षरांचे साचे जुळवण्यासाठीच. एमएल आणि हॅस्केल या भाषांच्या घरात तर साच्याशिवाय पान हलत नाही. पायथनला ही अक्कल २०२१ मध्ये, वयाच्या तिशीत आली. ज्युलियावाल्यांना विचारा, तुमच्याकडे का नाही? ते म्हणतात, आमच्याकडे मल्टिपल डिस्पॅच आहे. हे उत्तर इतक्या शांतपणे येतं की पुढे विचारायचं धैर्य होत नाही.

डिस्पॅच असं असतं. एकाच नावाची हवी तितकी फंक्शनं लिहून ठेवायची. हाक मारली की आत आलेल्या सगळ्यांचे टाइप बघून कुणी धावून जायचं ते ज्युलिया ठरवते. व्यवस्था सुंदर आहे आणि ज्युलियाचा निम्मा वेग तिच्यामुळेच आहे. पण ती टाइप बघते, किंमत बघत नाही. 'निरंक' आणि 'तुरळक' दोघेही तिच्या लेखी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. एक म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे शून्याच्या जरा वर, हे तिच्या गावीही नसतं. शिवाय दोन फंक्शनं सारख्याच अधिकारानं पुढे आली तर ती कुणाचीच बाजू घेत नाही. 'संदिग्ध' असा शेरा मारते आणि सोबत उपाय सुचवते, की या दोघांच्या मधलं तिसरं फंक्शन तुम्हीच लिहा. कोर्टकचेऱ्यांत मुरलेल्या माणसालाच असा निवाडा सुचावा.

इथे एक बारीक फरक आहे आणि भांडणं त्यावरच होतात. डिस्पॅचमध्ये जो सर्वांत नेमका तो जिंकतो. पॅटर्न मॅचिंगमध्ये जो आधी लिहिलेला तो. मला स्वतःला रांगेचा नियम बरा वाटतो. मुंबईत वाढल्यामुळे असेल. धोका एवढाच, की रांगेत सगळ्यात पुढे अंडरस्कोर उभा राहिला तर मागच्यांचा नंबरच लागत नाही. आमच्याकडच्या एका नव्या मुलानं तो असाच पुढे उभा केला होता, 'म्हणजे काही सुटायला नको' म्हणून. काहीच सुटलं नाही. अख्खा कोकण विभाग कोरडा निघाला.

बरं, भाषेत नाही म्हणून काही अडत नाही, कारण ज्युलियात मॅक्रो आहेत. मॅक्रो म्हणजे ॲट असं चिन्ह लावून आपापलं व्याकरण करायचा परवाना. भाषेच्या मालकांकडे अर्ज करायला नको, त्यांच्या बैठकीची वाट बघायला नको. जे नाही ते संध्याकाळी बसून स्वतः करा. असा परवाना हुशार माणसांच्या हाती दिला की पुढे काय होतं ते सांगायला नको, तरी सांगतो.

आधी 'मॅच' आलं. नाव सरळ, काम सरळ. मग 'एमएलस्टाइल' आलं. हे एमएल घराण्याच्या रीतीभाती घेऊन आलेलं. त्यात नुसतं जुळवणं नाही. नवे डेटाटाइप करायचे तर त्याला वेगळा मॅक्रो, आणि साच्यालाच बुद्धी द्यायची तर त्यालाही वेगळा. एका मॅक्रोचं तर नावच ग्रीक लॅम्डा. तो अक्षर म्हणून कीबोर्डवर नसतो. ज्युलियात बॅकस्लॅश, मग 'लॅम्डा' असं रोमनमध्ये टाइप करून टॅब मारला की उमटतो. एमएलस्टाइलवाल्यांच्या बोटांना हे इतकं सवयीचं झालेलं असतं की ते किराण्याच्या यादीतही बॅकस्लॅश काढतात. मग 'रीमॅच' आलं. मग 'रीमॅच टू'. पुढे 'मॅच'नंही कात टाकली आणि आता ते तुमचे सगळे साचे एकत्र वाचून निर्णयांचा एक नकाशा आखतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा तपासायला नको. खरं सांगायचं तर ही युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. आपण लिहितो वीस साचे रांगेत, आणि आत मात्र 'ही स्ट्रिंग आहे का' हा प्रश्न एकदाच विचारला जातो. आमच्या मॅडमच्या प्रोग्राममध्ये तो वीस वेळा विचारला जातो आणि वीसही वेळा उत्तर तेच येतं.

प्रत्येक पॅकेजच्या नावामागे 'डॉट जेएल' लागतं, त्यामुळे सगळी एका घरातली वाटतात. पण 'मॅच' आणि 'एमएलस्टाइल' दोघांच्याही मुख्य मॅक्रोचं नाव एकच: ॲट मॅच. दोन्ही पॅकेजं एकदम बोलावून 'ॲट मॅच' म्हटलं, की ज्युलिया सांगते, दोघंही या नावाला ओ देतात, कोणता हवा ते पूर्ण नावानिशी सांगा. दोन मॅच म्हणणाऱ्या वस्तू एकमेकींशी मॅच होत नाहीत, यावर आमच्या खोलीत हसणं आता बंद झालं आहे.

ही झाली किमती जुळवणारी मंडळी. सूत्रं आणि खुद्द प्रोग्रामचा मजकूर जुळवणारी आणखी वेगळी. 'मॅक्रोटूल्स'मध्ये 'काहीही' म्हणायचं असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावायचा, आणि 'काहीही, आणि कितीही' म्हणायचं असेल तर दोन अंडरस्कोर. 'सिम्बॉलिकयुटिल्स'ला अंडरस्कोर चालत नाही. तिथे नावाच्या आधी नागमोडी टिल्डे. साइन टू एक्स दिसलं की त्याचं टू साइन एक्स कॉस एक्स कर, हा अकरावीचा नियम तिथे एका ओळीत लिहिता येतो, फक्त प्रत्येक एक्सच्या डोक्याआधी ती नागमोडी हवी. दोन्ही पॅकेजं दिवसभर वापरणारा माणूस संध्याकाळी सहीखालीही काहीतरी काढतो.

पण साच्यांतला खरा सापळा वेगळाच आहे आणि तो किमती जुळवणाऱ्या मंडळींत सामाईक आहे. समजा, 'नोंद नाही' याची खूण आपण एका नावात ठेवली: रिकामं म्हणजे उणे ९९९. मग साच्याच्या जागी लिहिलं 'रिकामं'. वाचणाऱ्याला वाटतं, आलेली नोंद उणे ९९९ आहे का हे आता तपासलं जाईल. तपासलं जात नाही. साच्यात नुसतं नाव लिहिलं की तुलना होत नाही, बारसं होतं. जी नोंद समोर येईल तिला मांडीवर घेऊन तिच्या कानात 'रिकामं' म्हटलं जातं आणि ती त्या नावानं पुढे जाते. महाबळेश्वरचे २०० मिलिमीटर आले तरी नाव रिकामं, जतचा शून्य आला तरी नाव रिकामं. मग खरंच तुलना करायची असेल तर? तर 'मॅच'मध्ये नावाआधी डॉलर लावायचा आणि 'एमएलस्टाइल'मध्ये अँपरसँड. पायथनमध्येही असाच सापळा आहे आणि तिथे टिंब घातलेलं नाव दिलं की सुटका होते. जगातल्या इतक्या विद्वानांना एकच खड्डा खणायचं सुचलं, पण त्यावरची फळी मात्र प्रत्येकानं वेगळ्या लाकडाची टाकली.

एक ज्येष्ठ सहकारी या वादांत पडत नाहीत. ते सगळं एक्सेलमध्ये करतात. त्यांना वाटतं, आपण पॅटर्न मॅचिंगपासून मुक्त आहोत. वास्तविक एक्सेलइतका उतावळा जुळवणारा दुसरा नाही. मानवी जनुकांत 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी नावं होती. एक्सेलला ती दिसली की तो त्यांची तारीख करून टाकायचा, कुणी सांगितलेलं नसताना. २०१६ मध्ये एका अभ्यासानं दाखवलं, की ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचात एका निबंधात अशा चुका होत्या. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. मार्च१चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१चं सेप्टिन१. लाखो वर्षं उत्क्रांतीत टिकलेली गोष्ट एका रकान्यापुढे वाकली. एक्सेलमध्ये ही सवय बंद करायची सोय नंतर, २०२३ मध्ये आली. तोवर जनुकांनी नवी नावं अंगवळणी पाडून घेतली होती.

आता जुळवणीतला एक प्रकार असा आहे, जो ज्युलियात जन्मापासून मिळतो: रेग्युलर एक्स्प्रेशन, लाडाचं नाव रेजेक्स. लाड करणारे कमी आहेत. ही कल्पना स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात मेंदूतल्या पेशींच्या गणिती जाळ्यांचा विचार करताना मांडली. म्हणजे मूळ माणूस मेंदू समजून घ्यायला निघाला होता आणि त्यातून मेंदूला सर्वांत जास्त ताण देणारी लेखनपद्धती निघाली. ज्युलियानं रेजेक्स स्वतः लिहिलेलं नाही. केंब्रिजच्या फिलिप हेझेल यांनी १९९७ मध्ये आपल्या एक्झिम या ईमेलच्या प्रोग्रामसाठी सीमध्ये पीसीआरई नावाची लायब्ररी लिहिली, तिचीच पुढची आवृत्ती ज्युलियाच्या पोटात आहे. पर्लसारखी सहजता हवी होती ना, मग पर्लची नक्कल करणारी तयार लायब्ररीच आणली. यात लाजण्यासारखं काही नाही. चक्कीवरून पीठ आणणारा सुगरण नसतो असं थोडंच आहे.

रेजेक्सची ताकद किती, तर २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद होती. प्रोग्रामर ज्या ठिकाणी आपल्या अडचणींची उत्तरं शोधतात तीच ही साइट, त्यामुळे त्या ३४ मिनिटांत उत्तर शोधायची पंचाईत झाली असणार. घडलं एवढंच, की कुणाच्या तरी मजकुरात एका ओळीत सलग सुमारे २०,००० कोऱ्या जागा होत्या. ओळीच्या कडेच्या कोऱ्या जागा छाटणारा एक रेजेक्स तिथे पोचला. वीस हजार जागा मोजून तो टोकाला गेला, तर पुढे ओळीचा शेवट नाही, एक अक्षर. मग तो दुसऱ्या जागेपासून पुन्हा निघाला. मग तिसऱ्यापासून. अशा सुमारे २० कोटी तपासण्या. काहीही न लिहिता साइट बंद पाडण्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या खोलीत कोऱ्या जागांचा त्रास नाही. आमचा त्रास लिहिलेल्याचा आहे, कारण ते देवनागरीत आहे.

ज्युलिया देवनागरीला नाही म्हणत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. व्हेरिएबलला 'पाऊस' नाव ठेवा, 'मराठी' ठेवा, ती आनंदानं घेते. मोजणीही ती एकपासून करते, इतर बऱ्याच भाषांसारखी शून्यापासून नाही. म्हणून आम्ही विश्वासानं 'मराठी' या शब्दातलं दुसरं अक्षर मागितलं. एरर आली. दोन नंबरला काही नाही, जवळपासचं म्हणाल तर एक नंबरला 'म' आहे आणि चार नंबरला 'र'. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतं आणि ज्युलियाचे नंबर बाइटांचे असतात, म्हणून हे असं. 'ठ' भेटतो दहाव्या घरात. मग हा शब्द आहे तरी किती अक्षरांचा? बाइट विचाराल तर १५. चिन्हं विचाराल तर ५, कारण काना आणि वेलांटी यांची वेगळी पानं मांडलेली असतात. आणि बालवाडीतली मुलगी सांगते तसं विचाराल तर ३, पण त्यासाठी ग्राफीम नावाचं वेगळं खातं उघडावं लागतं. त्या खात्यातही 'क्ष' हे एकच अक्षर आहे हे २०२३च्या युनिकोड १५.१ पर्यंत नियमात बसत नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यात ते आमच्या आजोबांच्या आधीपासून एकाच चौकोनात आहे.

मग आम्ही रेजेक्सला विचारलं. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे शब्दात चालणारं चिन्ह, अशी त्याची व्याख्या. 'मराठी' हा शब्द दिला आणि म्हटलं, यातला पहिला शब्द काढून दे. त्यानं काढून दिलं: 'मर'.

मराठीच्या भवितव्यावरच्या इतक्या परिसंवादांत इतकं स्पष्ट अजून कुणी बोललेलं नाही. झालं असं, की पीसीआरईच्या लेखी शब्दात अक्षरं चालतात, आकडे चालतात, काना चालत नाही. म्हणून काना आला की शब्द संपला. २०२४ मध्ये या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत थोडी सुधारणा झाली. उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शब्दात प्रवेश मिळाला. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि विसर्ग अजून दाराबाहेर आहेत, कारण युनिकोडच्या वर्गवारीत त्यांचा वर्ग वेगळा पडतो. म्हणजे 'तुरळक' सुखरूप जातो, 'पाऊस' पहिल्या अक्षरालाच ठेचकाळतो. ज्युलियाच्या व्याकरणाला जे नाव म्हणून मान्य आहे ते तिच्याच रेजेक्सला शब्द म्हणून मान्य नाही. उपाय आहे. 'शब्दचिन्ह' न म्हणता 'अक्षर किंवा त्याला चिकटणारं चिन्ह' असं फोडून सांगायचं. तो कागद आता आमच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

आकड्यांचं तर याहून मजेदार. नोंदवहीत '१२४' असं देवनागरीत लिहिलंय. हा आकडा आहे का, असं रेजेक्सला विचारलं. तो म्हणाला, हो. 'इजन्यूमेरिक' नावाच्या फंक्शनला त्यातला एकेक अंक दाखवला. तेही म्हणालं, हो. 'इजडिजिट'ला तोच अंक दाखवला. ते म्हणालं, नाही. दोन हो, एक नाही, बहुमतानं आकडा ठरला म्हणून आम्ही तो 'पार्स'कडे दिला, की याची संख्या करून दे. पार्सनं सांगितलं, '१' हा दशमान पद्धतीतला अंकच नाही. दशमान पद्धतीत शून्य ते नऊ लिहायची रीत जगाला कुठून मिळाली, हा विषय तेव्हा खोलीत निघाला आणि अर्धा तास गेला. रेजेक्सनं पाठ थोपटून पुढे पाठवलेला माणूस पुढच्या टेबलावर परत फिरवला जातो, हा अनुभव आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

आणि कऱ्हाड. कऱ्हाडमधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ही एक तऱ्हा. टिंबवाला ऱ आणि हलन्त, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड हुबेहूब. भिंग लावून बघितलं तरी फरक दिसायचा नाही. पण ज्युलियाला विचारलं, ही दोन गावं एकच का, तर ती म्हणते नाही, आणि नॉर्मलायझेशन केलं तरी मतावर ठाम राहते. त्यात अधूनमधून कुणी 'कराड' लिहिलेलं. आमच्या पहिल्या यादीत कृष्णा-कोयनेच्या संगमावर तीन वेगवेगळी गावं होती, तिघांचा पाऊस वेगळा, आणि एकाचा कोरडा दिवस दुसऱ्याच्या अतिवृष्टीच्या दिवशी येत होता. यावरून स्थानिक हवामानाच्या सूक्ष्म फरकांवर कुणी निबंध लिहिला नाही, ही विज्ञानाची पुण्याईच म्हणायची.

असं करत करत साचे वाढत गेले, खोलीत मॅचवाले आणि एमएलस्टाइलवाले असे दोन पक्ष स्थिर झाले, आणि रकाना जवळजवळ साफ झाला. मग एका जुलैच्या पानावर एक नोंद निघाली: 'पर्जन्यमापक वाहून गेले'.

काम थांबलं. नोंद खरी होती. किंबहुना अख्ख्या वहीत इतकी मुद्देसूद नोंद दुसरी नव्हती. पण आकडा कोणता? एक जण म्हणाला, मिसिंग. ज्युलियात 'मिसिंग' नावाची खास किंमत आहे, 'मोजायला हवं होतं पण हाती नाही' अशी. ती इतकी तत्त्वनिष्ठ आहे की मिसिंग बरोबर मिसिंग का, असं विचारलं तर उत्तरही मिसिंगच येतं. दुसरा म्हणाला, मिसिंग मापक आहे, पाऊस नव्हे. पाऊस होता म्हणूनच मापक नाही. मग 'नथिंग' घ्या. नथिंग कसं घेणार, त्या दिवशी नथिंग असतं तर गाव झोपलं नसतं का निवांत? मग 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नाही'. मग कुणीतरी अनंत सुचवलं. अनंत घेतला तर महिन्याची सरासरीही अनंत येते, वर्षाचीही, आणि तालुक्याचीही. अंडरस्कोरमध्ये टाकावं, तर तुरळकच्या शेजारी 'कालइतकाच' आणि त्याच्या शेजारी हा महापूर, असे सगळे एकाच डब्यात.

खोलीतल्या पीएचडीच्या मुलाला मात्र वाट दिसली. त्याचं म्हणणं, आहेत त्या सगळ्या लायब्रऱ्या चुकीच्या ठिकाणी सुरू होतात. 'निदान इतका तरी पडला असणार' असं म्हणता येणारा साचा कुणाकडेच नाही. मापकाची उंची माहीत आहे, तेवढी तर तळाची मर्यादा धरता येते ना! हे त्याचं म्हणणं मला पटलं. मग तो घरी गेला आणि जुळवणीच्या आधीच नोंदी चाळून घेणारी स्वतःची लायब्ररी लिहायला बसला. प्रबंधाला हात न लावता ती लिहून झाली. काम चोख होतं. आधी होत्या त्यांत आणखी एक, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं सुरुवातीलाच इतरांहून फरक सांगणारा लांबलचक खुलासाही लिहिला.

ज्युलियाची पॅकेजं एका मोठ्या सार्वजनिक नोंदवहीत नोंदवावी लागतात. तिथे माणूस नंतर बघतो, आधी यंत्र बघतं. नाव रोमन लिपीतच हवं, म्हणून 'जुळणी' बाद झालं. किमान पाच अक्षरं हवीत, सुरुवात कॅपिटलनं हवी, 'ज्युलिया' हा शब्द त्यात नको. नाव ठीक आहे की नाही हे एक रेजेक्सच ठरवतो. त्यानं नाव दिलं 'प्रीमॅच', जुळवणीच्या आधी चालतं म्हणून. यंत्रानं एक शेवटची तपासणी केली, की हे नाव आधीच्या कुठल्या नावाच्या फार जवळ तर जात नाही ना, किती अक्षरं बदलली म्हणजे एकाचं दुसरं होईल. आणि अर्ज अडवला. 'प्रीमॅच' हे 'रीमॅच'शी जुळतं.

तोवर मॅडमनी एकविसावं एल्सइफ लिहून अहवाल पाठवूनही दिला होता. मुलाची लायब्ररी तयार आहे, तिला नाव तेवढं हवं आहे. कुणाला सुचलं तर कळवावं. रोमन लिपीत, किमान पाच अक्षरांचं आणि जगातल्या कुठल्याही मॅचशी न जुळणारं.